चार भिंतींचे घर

न्यूझीलंडमधील माओरी समाजाचे सभागृह म्हणजे केवळ लाकडाची वास्तू नव्हे. ते पूर्वजाचे शरीर मानले जाते. आढे हा त्याचा कणा, वासे या बरगड्या. आत येणारा माणूस पूर्वजाच्या कुशीत येतो. याच घराची उपमा घेऊन डॉ. मेसन ड्युरी या माओरी मनोविकारतज्ज्ञांनी १९८४ च्या सुमारास आरोग्याची एक मांडणी केली. ‘टे फारे टापा फा’, म्हणजे चार बाजूंचे घर. त्याची एक भिंत शरीराची, दुसरी विचार आणि भावनांची, तिसरी ‘फानाऊ’ची, म्हणजे काका-आत्यांसह साऱ्या गोतावळ्याची, आणि चौथी ‘वायरुआ’ची, म्हणजे आत्मिक जीवनाची. एक भिंत कलली तरी घर सरळ राहत नाही. रुग्णालय पहिल्या दोन भिंती तपासत असे. उरलेल्या दोन दाराबाहेरच राहत.

त्या बाहेर का राहिल्या, यालाही इतिहास आहे. ‘टोहुंगा’ नामक पारंपरिक जाणकारांच्या उपचारांवर १९०७ मध्ये कायद्याने बंदी आली. या कायद्याला माउई पोमारे यांच्यासारख्या माओरी डॉक्टरांचाही पाठिंबा होता. भोंदू उपचारांनी माणसे दगावतात, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. परंतु भोंदू आणि जाणता यांत भेद करण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. तो १९६२ मध्ये रद्द झाला. तोवर बरीच माओरी कुटुंबे जमिनीपासून तुटून शहरांत विखुरली होती, आणि पुढे मनोरुग्णालयांत माओरींचे प्रमाण वाढत गेले.

ड्युरींच्या मांडणीचा आदर करणाऱ्या सेवांमध्ये पहिल्या भेटीत एकदम लक्षणे विचारली जात नाहीत. आधी ओळख होते: कोणता डोंगर आपला, कोणती नदी, कोणते कूळ. डॉक्टरही आपली ओळख सांगतात. प्रार्थना होते, बरोबर काही खाल्ले जाते, आणि रुग्णाची इच्छा असल्यास नातलग सोबत बसतात. मृत आजीचा आवाज ऐकू येतो असे कोणी सांगितले, तर तो आजार की परंपरेला परिचित असा अनुभव, हे ठरवताना समाजातील वडीलधाऱ्यांचेही मत घेतले जाते. औषधे मात्र सोडलेली नाहीत. ड्युरी स्वतःच मनोविकारतज्ज्ञ. त्यांना औषधाशी वैर कसे परवडेल?

आपल्या व्यापारी घरांत चित्र उलटे दिसते. कुटुंब मोठे असते, धर्म रोजच्या आचरणात असतो, पण आजार मात्र लपलेला. पेढीवर ‘पित्ताचा त्रास आहे’ असे सांगितले जाते, डॉक्टर दुसऱ्या गावचा निवडला जातो, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर औषधाची चिठ्ठी तिजोरीत जाते. नित्य सामायिक करणाऱ्या आजीला नातवाच्या गोळ्यांचा पत्ता नसतो. अर्थात कुटुंबाला सामील करून घेणे नेहमीच हितकारक असते असेही नाही; कधी दुखण्याचे मूळ घरातच असते. म्हणून कोणाला सोबत बसवायचे, हे रुग्णानेच ठरवावे.

धर्माच्या भिंतीचे तर अगदी व्यावहारिक प्रश्न आहेत. मनोविकारावरील अनेक गोळ्या रात्री झोपताना घ्यायच्या असतात. चौविहार पाळणारा श्रावक सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. मग गोळी चुकते, आणि संकोचापोटी डॉक्टरांना ते सांगितले जात नाही. लिथियम घेणाऱ्याने चौविहार उपवास केला, तर शरीरातील पाणी कमी होऊन रक्तातील औषधाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. डॉक्टर सहसा हे विचारत नाहीत, कारण त्यांना आपले व्रत ठाऊक नसते. पर्युषणापूर्वी काही दिवस आधी त्यांना भेटून कोणते तप करण्याचा विचार आहे ते सांगितले, तर गोळीची वेळ बदलता येते का किंवा तपाचे स्वरूप सौम्य करावे का, हे त्यांना पाहता येते. तपातील सवलतीविषयी गुरुमहाराजांनाही विचारता येते. परस्पर गोळी बंद करणे मात्र सर्वांत घातक.