ढगांतली पायरी

श्रावणांत भीमाशंकरास जाऊन आलेल्या वाचकांस तेथील धुक्याचा अनुभव असेलच. देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर चार हातांपलीकडचें दिसत नाहीं. तरी यात्रेकरू बिनघोर उतरतो, कारण पुढची पायरी पायास लागते. ढगांतून उतरणाऱ्या वैमानिकास ही सोय नाहीं. म्हणून त्याच्यासाठीं आंकड्यांच्या पायऱ्या बांधून दिलेल्या आहेत. त्यांची थोडी ओळख येथें करून देण्याचा आमचा विचार आहे.

बाहेरचें कांहीं दिसत नसतां केवळ यंत्रांवर विसंबून जाणाऱ्या विमानास मुख्य नियम असा: आपण जेथें आहोंत असें वाटतें, त्या जागेपासून ८ किलोमीटरांच्या आंत जें सर्वांत उंच असेल, त्याच्या निदान १००० फूट वर राहावें, डोंगराळ मुलुखांत २००० फूट. विमानतळाजवळ उतरण्याची वाट आंखलेली असते व तिच्या प्रत्येक टप्प्याची किमान उंची नकाशावर छापलेली असते. शेवटीं, साधारणतः धावपट्टीच्या २०० फूट वर येऊनही तिचे दिवे दिसले नाहींत, तर उतरण्याचा बेत सोडून पुन्हां वर जाणें भाग असतें.

पण या नियमांची सारी मदार ‘जागा’ या एका शब्दावर आहे. उंचीमापक हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. खालीं समुद्र आहे कीं सह्याद्रि, हें तो सांगत नाहीं.

याचा दारुण प्रत्यय भीमाशंकराच्या उत्तरेस, जुन्नरच्या बाजूस आला. १९६२ सालच्या जुलैच्या ७ तारखेस, मध्यरात्र नुकतीच उलटली असतां, बँकॉकहून मुंबईस येणारें अलितालिया कंपनीचें डीसी-८ विमान सुमारे ३६०० फुटांवर एका डोंगरास धडकलें. आंतील ९४ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. मुंबई अद्याप ८० किलोमीटरांहून दूर होती. चौकशीचा निष्कर्ष असा कीं, स्थान ठरविण्यांत चूक होऊन मुंबई अधिक जवळ आल्याचें वैमानिकास वाटलें, व तो वेळेपूर्वींच खालीं आला. वरील नियमाप्रमाणें त्या डोंगरावर ५६०० फुटांखालीं येणें वर्ज्य. तीच ३६०० फुटांची उंची मुंबईच्या किनाऱ्यावर निर्धास्त ठरली असती. आंकडा तोच, जागा निराळी!

आज जमिनीवरून रडार लक्ष ठेवतें. मोठ्या विमानांत पुढें डोंगर आल्याची आगाऊ सूचना देणारें यंत्रही असतें. तरी जुना धडा कायमच आहे: आपण कोठें आहोंत याविषयीं संशय येतांच खालीं न जातां वरच राहावें.

पावसाळ्यांत मुलगा किंवा सून परगांवाहून यावयाची असते; विमान घिरट्या घालतें, क्वचित् दुसऱ्याच शहरीं जातें. घरांत पानें खोळंबतात आणि वैमानिकाच्या नांवानें बोटें मोडलीं जातात. अशा वेळीं जुन्नरच्या त्या डोंगराचें स्मरण व्हावें. अन्न पुन्हां ऊन करतां येतें.