विली हास : प्रागचा संपादक, मुंबईचा आश्रित

विली हास (१८९१–१९७३) हे प्राग शहरात जन्मलेले, जर्मनमधून लिहिणारे ज्यू समीक्षक, पटकथाकार आणि संपादक. युरोपीय वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद दोन कामांसाठी होते. ‘डी लितरारिशे वेल्ट’ हे बर्लिनचे साहित्यविषयक साप्ताहिक त्यांनी काढले आणि फ्रान्झ काफ्काने मिलेना येसेन्स्काला लिहिलेली पत्रे प्रथम संपादित केली. त्या साप्ताहिकाच्या पहिल्या अंकाला ऑक्टोबर २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. या दोन कामांच्या मधली, १९३९ ते १९४७ ही वर्षे हास यांनी भारतात काढली. त्यांतली सुरुवातीची मुंबईत. चरित्रकोश ही वर्षे एका वाक्यात उरकतात. मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासाने तर तेवढीही जागा त्यांना दिलेली नाही.

प्रागमधली घडण थोडक्यात सांगता येते. विशीत असतानाच हास यांनी ‘हेर्डर-ब्लेटर’ हे नियतकालिक चालवले. काफ्का आणि माक्स ब्रोद यांनी मिळून लिहायला घेतलेल्या कादंबरीचे पहिले प्रकरण १९१२ मध्ये त्यात छापून आले. काफ्का तेव्हा विमा संस्थेत नोकरी करणारा, जवळजवळ अप्रकाशित लेखक होता. पहिल्या महायुद्धानंतर हास बर्लिनला गेले, चित्रपट परीक्षणे लिहू लागले आणि पटकथाही. मुर्नाऊच्या एका मूकपटाच्या पटकथेत त्यांचा वाटा होता. पाब्स्टच्या १९२५ च्या ‘डी फ्रॉयडलोझे गासे’ची पटकथा त्यांचीच. त्याच वर्षी प्रकाशक रोवोल्ट यांच्या साथीने त्यांनी साप्ताहिक सुरू केले. वॉल्टर बेंजामिन त्याचे नेमाने लिहिणारे लेखक होते. प्रूस्तवरचा आणि अतिवास्तववादावरचा असे त्यांचे दोन गाजलेले निबंध १९२९ मध्ये तिथेच आले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि साप्ताहिक हातचे गेले. हास प्रागला परतले. तिथे काढलेले नवे नियतकालिक फार काळ तगले नाही.

१५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. त्या वसंतात मिलेना येसेन्स्काने काफ्काची पत्रे हास यांच्या हवाली केली. ती पुढे राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत १९४४ मध्ये मरण पावली. हास यांना मात्र बाहेर पडायला वाट मिळाली, आणि ती मुंबईकडे जाणारी होती. कार्ल्सबादचे संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ पासून मुंबईत होते. त्यांच्या ओळखीने निर्माते मोहन भवनानी यांच्या कंपनीत हास यांना पटकथालेखकाचे काम मिळाले. भवनानी स्वतः जर्मनीत चित्रपटतंत्र शिकून आलेले होते. ‘मिल मजदूर’साठी प्रेमचंदांना १९३४ मध्ये मुंबईत आणणारेही तेच.

वॉर्डन रोडलगतच्या रेवा हाउसमधले काउफमान दांपत्याचे घर हास यांचा आधार झाले. काउफमान यांची पत्नी गेर्टी ही काफ्काची भाची, त्याच्या बहिणींतली थोरली एली हिची मुलगी. ज्याचे लेखन हास यांनी तरुणपणी छापले, त्याच्याच कुटुंबातली मुलगी महालक्ष्मीच्या समुद्राजवळ संसार करत होती. युद्ध संपेपर्यंत काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या संहारात मारल्या गेल्या होत्या.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच मुंबईतल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना ‘शत्रुदेशीय’ म्हणून ताब्यात घेण्यात आले. अहमदनगरची छावणी भरली. पुढे पुरंदर आणि साताऱ्यालाही असे लोक ठेवले गेले. या धरपकडीत नाझी पक्षाचा सभासद आणि नाझींपासून पळालेला ज्यू असा भेद सुरुवातीला केला गेला नाही. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधले दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योसेफ विरशिंग अटकेत गेले. लीला चिटणीस आणि अशोककुमार यांचा ‘कंगन’ हा ऑस्टेन यांचा इथला शेवटचा चित्रपट ठरला. हास यांच्यासारख्या चेकोस्लोव्हाकियाच्या नागरिकांचे तसे नव्हते. त्यांचा देश नकाशावरून पुसला गेला होता, पण लंडनमधल्या त्यांच्या निर्वासित सरकारला ब्रिटनने १९४० मध्ये मान्यता दिली आणि ते मित्रपक्षाचे ठरले.

भवनानींसाठी हास यांनी केलेल्या कामांपैकी ‘झूठी शर्म’ (१९४०) हे सर्वांत लक्षणीय. इब्सेनच्या ‘घोस्ट्स’ या नाटकाचे ते भारतीय रूप. वडिलांच्या व्यभिचाराचे फळ मुलाने भोगावे, हा विषय चाळीसच्या दशकातल्या हिंदी पडद्याला पेलणारा नव्हता. मराठी रंगभूमी मात्र त्याच सुमारास इब्सेनशी झोंबत होती. अनंत काणेकरांनी ‘डॉल्स हाउस’वरून ‘घरकुल’ लिहिले आणि रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ने १९४२ मध्ये घर सोडणारी नायिका गाण्यांसकट प्रेक्षकांच्या गळी उतरवली. बर्लिनमध्ये इब्सेन मुरवलेला एक लेखक गिरगावापासून हाकेच्या अंतरावर राहत होता, पण मराठी नाट्यसमीक्षेत त्याचा मागमूस लागत नाही.

याचे कारण केवळ दुर्लक्ष नव्हे. हिंदी किंवा मराठी ही हास यांची भाषा नव्हती आणि जर्मन ही मुंबईत शत्रूची भाषा झाली होती. शिवाय त्यांचा मूळ पेशा संपादकाचा. परागंदा कवी वहीत लिहीत राहू शकतो, संगीतकार नव्या वाद्यांसाठी रचना करू शकतो. संपादकाला लेखकांचे जाळे, छापखाना, वर्गणीदार आणि वाद घालणारे वाचक लागतात. यातले काहीही गलबतावर चढवून आणता येत नाही. त्यातूनही १९४२ मध्ये त्यांनी ‘जर्मन्स बियॉन्ड जर्मनी’ हे जर्मन लेखनाचे इंग्रजी संकलन मुंबईतच प्रसिद्ध केले. जर्मनी म्हणजे हिटलर नव्हे, हे सांगणारे ते पुस्तक गवालिया टँकवर ‘छोडो भारत’ची घोषणा झाली त्याच वर्षी निघाले. त्याला वाचक कुठून मिळणार?

पुढे हास मुंबई सोडून उत्तर भारतात ब्रिटिश-भारतीय लष्कराच्या सेन्सॉर खात्यात नोकरीला लागले. लेखकांना व्यासपीठ देणारा माणूस दुसऱ्यांची पत्रे तपासून पगार घेऊ लागला. १९४७ मध्ये ते लंडनला आणि त्यानंतर हँबर्गला गेले. ‘डी वेल्ट’ या दैनिकात त्यांनी पुढची अनेक वर्षे स्तंभ चालवला. ही वर्षे स्थिर आणि प्रतिष्ठेची होती. त्याहून जास्त त्यांबद्दल सांगण्यासारखे थोडे.

अपवाद मिलेनाच्या पत्रांचा. १९५२ मध्ये हास यांनी ती प्रसिद्ध केली आणि काफ्काच्या वाचनाला नवे वळण मिळाले. पण हयात व्यक्तींना दुखावतील असे परिच्छेद त्यांनी गाळले होते. मिलेनाची मैत्रीण यार्मिला हिच्याशी हास यांचे प्रेमसंबंध होते, तिच्या पहिल्या पतीने १९२० मध्ये आत्महत्या केली, आणि पत्रांत काफ्काने त्या प्रकरणाचा वारंवार उल्लेख केला होता. म्हणजे गाळलेल्या मजकुराशी संपादकाचा स्वतःचा संबंध होता. भरपाई केलेली आवृत्ती १९८३ मध्ये, हास यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी निघाली. संपादक म्हणून त्यांच्यावर ठेवता येण्याजोगा सर्वांत गंभीर ठपका हाच.

मुंबईने आपल्या निर्वासितांची आठवण कलावार ठेवली आहे. काउफमान आकाशवाणीच्या संकेतधुनेमुळे परिचित आहेत. व्हिएन्नाहून आलेले लांगहॅमर आणि श्लेसिंगर, बर्लिनचे रूडी फॉन लायडन यांच्याशिवाय प्रोग्रेसिव्ह चित्रकारांची कथा पुरी होत नाही. सूर आणि रंग यांना दुभाषी लागत नाही. लेखकाला लागतो, आणि हास यांना तो मिळाला नाही. त्या काळच्या चित्रपटांच्या प्रतीही फारशा उरल्या नाहीत, कारण पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभे राहीपर्यंत बरीच रिळे नष्ट झाली होती.

मराठीत काफ्का पोचला तो साठोत्तरी पिढीकडे. विलास सारंगांच्या कथेवरचा त्याचा ठसा समीक्षकांनी पुष्कळ चर्चिला. ज्याने काफ्काला तरुणपणी छापले, तो याच शहरात राहून गेला हे त्या चर्चेत आले नाही. संपादकाच्या वाट्याला असेच विस्मरण येते; ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडल्यावर तिच्या लेखकांची नावे टिकली, संपादनाच्या मेहनतीचा हिशेब मात्र मोजक्या जाणकारांपुरता उरला. हास यांनी १९५७ मध्ये आठवणींचे पुस्तक लिहिले आणि त्याला आपल्या साप्ताहिकाचेच नाव दिले. ४ सप्टेंबर १९७३ रोजी हँबर्गमध्ये त्यांचे निधन झाले.