बॅटरीचा शॉर्ट आणि जळलेल्या तारा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या गांवच्या तलावांतील गाळ काढण्याचें काम चाललें होतें. सकाळीं उठून बुलडोझर पाहावयास जाणें हा आम्हां मुलांचा नित्यक्रमच होऊन बसला होता. एके दिवशीं दुपारीं चालकानें यंत्र थांबवून भाकरी सोडली न सोडली तोंच आसनाखालून काळा धूर निघूं लागला. चालक प्रसंगावधानी होता. हातची भाकरी टाकून त्यानें धांव घेतली व बॅटरीची मुख्य कळ फिरविली. धूर मंदावला आणि यंत्र वांचलें.

संध्याकाळीं शहरांतून मिस्त्री आले. पावसाळा तोंडावर आल्यामुळें ठेकेदारांस घाई झाली होती. "जळली तेवढी तार बदला, वरून पट्टी गुंडाळा, आणि रात्रींच यंत्र चालूं करा," असा त्यांचा आग्रह होता. मिस्त्री शांतपणें म्हणाले, "साहेब, धूर कां निघाला हें कळल्याशिवाय मी कळ लावणार नाहीं." पुढें दोन दिवस त्यांचें काम आम्हीं पाहिलें, शंका विचारिल्या, आणि जें समजलें तें शाळेंतील पदार्थविज्ञानाशीं ताडून पाहिलें. तेंच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम बॅटरीविषयीं दोन शब्द. शिशाचे पत्रे व गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधून काढली. तिच्या एका कोठ्याचा दाब सुमारें २ व्होल्ट असतो. असे सहा कोठे एकापुढें एक जोडले म्हणजे १२ व्होल्टांची बॅटरी होते. आणि अवजड यंत्रांत बहुधा अशा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट दाब घेतात. घरांतील विजेच्या २३० व्होल्टांपुढें हा दाब क्षुल्लक वाटतो. कोरड्या हाताला त्याचा धक्काही सहसा जाणवत नाहीं. येथेंच पुष्कळ लोक फसतात. कारण येथें भय दाबाचें नसून प्रवाहाचें आहे.

थंड इंजिन फिरविण्यास शेंकडों ॲंपिअर प्रवाह लागतो. तो देतां यावा म्हणून बॅटरीचा अंगचा विरोध अत्यंत अल्प ठेविलेला असतो. आतां समजा, मोठी तार यंत्राच्या सांगाड्यास टेंकली आणि सर्व मार्गाचा मिळून विरोध अवघा ०.०२ ओहम उरला. ओहमच्या नियमाप्रमाणें २४ ला ०.०२ नें भागिलें असतां प्रवाह १२०० ॲंपिअर येतो. आणि दाब व प्रवाह यांचा गुणाकार २८,८०० वॅट होतो. म्हणजे १००० वॅटच्या जवळजवळ २९ इस्त्र्या एकदम आसनाखालीं तापत ठेविल्यासारखें झालें! शिवाय ज्यूल या शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखवून दिल्याप्रमाणें तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दसपट झाला तर उष्णता शतपट होते. तांबें १०८५ अंशांस वितळतें. परंतु त्यावरील प्लॅस्टिकचें वेष्टन शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडूं लागतें. म्हणून आंतील तार शाबूत राहून बाहेरचें वेष्टन मात्र नासलें, असें पुष्कळदां घडतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. अशा यंत्रांत बहुतेक दिव्यांस व उपकरणांस परतीची निराळी तार नसते. सबंध लोखंडी सांगाडा बॅटरीच्या ऋण ध्रुवास जोडलेला असतो, व प्रवाह त्यांतूनच परत येतो. त्यामुळें धन तारेचें उघडें अंग सांगाड्यास कोठेंही टेंकलें कीं मंडल पूर्ण होतें. बारीक तारांच्या रक्षणास फ्यूज असतात. परंतु बॅटरीपासून इंजिन फिरविणाऱ्या मोटारीपर्यंत जाणाऱ्या जाड तारेस बहुधा फ्यूज नसतो. तिचें रक्षण केवळ तिच्या वेष्टनानें व्हावयाचें असतें.

आतां दुरुस्तीकडे वळूं. मिस्त्रींनीं प्रथम हातांतील अंगठी व घड्याळ काढून खिशांत ठेविलें, डोळ्यांस चष्मा लाविला, आणि बॅटरीवरील झांकण उघडून वारा खेळूं दिला. बॅटरी भारली जात असतां तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ झालें तरी ठिणगीनें स्फोट होऊं शकतो. जवळ बिडी ओढणाऱ्या एका गृहस्थांस त्यांनीं नम्रपणें दूर जावयास सांगितलें. मग त्यांनीं आधीं ऋण ध्रुवाची तार सोडविली व मागाहून धन ध्रुवाची. हा क्रम उलटा कां नसावा, असें आम्हीं विचारिलें. ते म्हणाले, "पोरांनो, ऋण तार सोडतांना पाना सांगाड्याला लागला तरी कांहीं होत नाहीं, कारण दोन्ही एकच आहेत. पण ती जोडलेली असतांना धन तारेवर पाना घातला आणि त्याचें दुसरें टोंक सांगाड्याला लागलें, तर पानाच लाल होईल." जोडतांना क्रम अर्थातच उलट, म्हणजे ऋण तार सर्वांत शेवटीं.

यानंतर कारणाचा शोध सुरू झाला. जाड धन तार एका पोलादी पत्र्याच्या भोंकांतून पलीकडे जात होती. त्या भोंकास रबरी कडें असावयास हवें होतें, तें कधींच गळून पडलें होतें. यंत्राच्या अखंड हादऱ्यांनीं पत्र्याची धार तारेच्या वेष्टनांत दररोज थोडी थोडी रुतत गेली, आणि त्या दुपारीं ती तांब्यापर्यंत पोहोंचली. चार आण्यांच्या वस्तूची हयगय लाखांच्या यंत्राच्या जिवावर बेतली होती!

कारण सांपडलें तरी इजा किती झाली हें कळावयाचें होतें. वरून पाहतां जाड तार व तिच्याशेजारच्या तीनच तारा काळवंडल्या होत्या. मिस्त्रींनीं सबंध जुडग्याचें आवरण चिरलें, व दोन्ही बाजूंस स्वच्छ वेष्टन आणि चकचकीत तांबें दिसेपर्यंत ते उकलीत गेले. तेव्हां आणखी पांच तारांचें वेष्टन वितळून त्या एकमेकींस चिकटल्या असल्याचें दिसलें. त्यांतली एक तार जेथें उघडी पडली होती, तेथून डिझेलची रबरी नळी दोन बोटांच्या अंतरावर होती. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं ठेकेदारांस बोलावून ती जागा नुसती दाखविली. वरून पट्टी गुंडाळून यंत्र त्याच रात्रीं चालविलें असतें, तर अंधारांत आसनावर चालक बसलेला असतां तेथें काय झालें असतें, हें सांगावयास नको. ठेकेदार बराच वेळ उभे राहिले, आणि "सावकाश होऊं द्या," एवढेंच बोलून गेले.

नवी तार घालतांना तिची जाडी जुनीइतकीच ठेविली पाहिजे. तारेचें क्षेत्रफळ निम्में केलें तर विरोध दुप्पट होतो, व त्याच प्रवाहास उष्णताही दुप्पट होते. तारेचे सांधे मिस्त्रींनीं तांब्याच्या नळीत घालून हत्यारानें घट्ट दाबले, आणि वरून उष्णतेनें आकसणारी व आंतून डिंकासारखा लेप असलेली नळी चढविली, म्हणजे पाणी शिरत नाहीं. नुसतें डाक देऊन कां भागत नाहीं, असें आम्हीं विचारिलें. डाकाचें कथिल तारेच्या धाग्यांत वर चढतें व तेवढा भाग ताठ होतो. हादरे बसले कीं तो जेथें संपतो तेथें धागे तुटूं लागतात, असें उत्तर मिळालें. सर्व सांधे एके ठिकाणीं न आणतां त्यांनीं ते मागें-पुढें ठेविले, म्हणजे जुडगा एके जागीं फुगत नाहीं. कांहीं यंत्रांत इंजिनावर देखरेख करणारा लहान संगणक असतो. त्याचे संदेश वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींभोंवतीं पिळलेल्या असतात. तो पीळ नव्या तुकड्यांतही तसाच राखावा लागतो, नाहींतर बाहेरील विद्युत् क्षोभ संदेशांत मिसळतो. शेवटीं भोंकास नवें रबरी कडें बसविलें, आणि जुडगा डिझेलच्या नळीपासून दूर नेऊन चिमट्यांनीं बांधिला.

परीक्षेची रीत आम्हांस फारच आवडली. सर्व कळा बंद ठेवून मिस्त्रींनीं ऋण ध्रुव व ऋण तार यांच्यामध्यें २४ व्होल्टांचा एक दिवा जोडला. कोठें शॉर्ट राहिला असेल तर दिवा झगझगीत पेटतो, आणि सर्व दाब त्यानेंच घेतल्यामुळें तारांस इजा होत नाहीं. दिवा पेटला नाहीं. तेव्हां त्यांनीं दिवा काढून तार जोडली, व प्रत्येक फ्यूज ठरलेल्या ॲंपिअरचाच आहे हें पाहून घेतलें. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागीं जाड तार घालणारे लोक आपण पाहतों. फ्यूज हा मंडलांतील मुद्दाम ठेविलेला दुबळा दुवा आहे. तो बळकट केला म्हणजे दुसरा दुबळा दुवा निर्माण होतो, आणि तो कोठें असेल हें आग लागेपर्यंत कळत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं यंत्र चालूं झालें, व मृगाच्या सरी येण्यापूर्वीं तलावाचें काम आटोपलें. चालक पुन्हां बांधावर बसून निवांतपणें भाकरी खाऊं लागला. आमच्या विद्यार्थिबंधूंपैकीं कोणी पुढें यंत्रकामास लागतील, कोणी नाहींत. परंतु दिसणारी जखम झांकणें म्हणजे दुरुस्ती नव्हे. कारण शोधावें, इजेच्या शेवटापर्यंत जावें, आणि मगच कळ लावावी, ही गोष्ट आम्हीं त्या दोन दिवसांत शिकलों, आणि ती सर्वांच्याच उपयोगीं पडेल असें आम्हांस वाटतें.