गाडी आणि कागद – लेखांक 6 : पांढऱ्या पाटीची व्हॅन

कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचं नाव कसं चढतं आणि हप्ते फिटल्यावर ते कसं उतरवून घ्यायचं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आज एकाच जातीच्या गाडीबद्दल बोलू : लहान व्हॅन. मारुतीची ओम्नी 1984 साली आली आणि 2019 मध्ये थांबली. 2010 साली आलेली ईको अजून विकली जाते. मोठं कुटुंब, थोडी शेती किंवा दुकान असलेल्या घरात हीच गाडी असते. देवदर्शन, लग्नं, म्हाताऱ्यांचा दवाखाना, सगळं तिच्यावरच चालतं.

या गाडीसाठी वेगळा लेखांक खर्ची घालतो आहे, कारण तिच्या पत्र्याकडे पाहून ती कोणत्या कामाची हे कळत नाही. घरची गाडी, भाड्याची गाडी आणि माल वाहणारी गाडी, तिन्ही दिसायला जवळपास सारख्या. फरक पाटीच्या रंगात आणि कागदात असतो. खासगी गाडीला मिळणारा स्वस्त कर आणि स्वस्त विमा ही सरकारने किंवा कंपनीने दाखवलेली मेहेरबानी नाही. ही गाडी धंद्याला लावणार नाही, असं तुम्ही लिहून दिलेलं असतं, त्याची ती किंमत आहे.

आधी कर. महाराष्ट्रात 1958 च्या मोटार वाहन कर कायद्याखाली खासगी चारचाकीवर एकरकमी कर लागतो आणि तो पासिंगच्या वेळी भरावा लागतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर 11 टक्के. सहा लाखांची व्हॅन धरली तर 66 हजार. कारखान्यातून सीएनजी बसवून आलेली गाडी घेतली तर टक्का कमी होतो. 1 जुलै 2025 पासून एका टक्क्याने वाढूनही या किमतीला तो 8 आहे. मात्र सीएनजी गाडीची मूळ किंमतच जास्त असते, त्यामुळे कर वाचतो म्हणून ती घेणं हा उलटा हिशेब झाला. रोजचं धावणं किती आहे ते पाहूनच ठरवावं. पेट्रोल गाडी घेऊन नंतर बाहेरून किट बसवणाऱ्याने कर पेट्रोलच्या दराने आधीच भरलेला असतो. त्याला किटची नोंद आरसीवर आणि विम्याच्या पॉलिसीवर, दोन्हीकडे करून घ्यावी लागते. दुसरी नोंद राहून जाण्याचं प्रमाण मोठं आहे.

गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर सरसकट 20 टक्के. आयकरात घसारा मिळेल या आशेवर घरची व्हॅन कंपनीच्या नावावर चढवणाऱ्यांनी ही दोन आकड्यांची वजाबाकी आधी करावी.

शोरूमच्या किमतीत जीएसटीही असतो आणि एकरकमी कर त्या किमतीवर बसतो, म्हणजे करावर कर. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, तेव्हा आरटीओतला करही आपोआप थोडा उतरला. लहान म्हणजे 1200 सीसीच्या आणि चार मीटर लांबीच्या आतली. ईकोचं इंजिन 1197 सीसीचं. तीन सीसीने निभावलं.

पंधरा वर्षं झाली की नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. गाडी तपासून घ्यायची आणि पर्यावरण कर भरायचा. हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क 5 हजार रुपये, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या गाडीला 10 हजार. जुनी ओम्नी 'बसल्या जागी पडून आहे, असू दे' म्हणून ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

आता विमा, आणि खरा घोळ इथेच आहे.

थर्ड पार्टीचे दर केंद्र सरकार ठरवतं. जून 2022 पासून लागू असलेल्या दरांत 1000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला 2094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3416 रुपये, जीएसटी वेगळा. 796 सीसीची ओम्नी पहिल्या रकान्यात बसते, ईको दुसऱ्या. नव्या गाडीला सप्टेंबर 2018 पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो. ईकोच्या रकान्यात तो 10,640 रुपयांचा. आता हीच सात आसनी व्हॅन पिवळ्या पाटीवर टाका. मूळ 7940 रुपये, अधिक प्रत्येक प्रवाशामागे 978, म्हणजे सहा प्रवाशांचे मिळून 13,808 रुपये. आणि मालवाहू म्हणून नोंदवली तर 16,049. गाडी तीच, रस्ते तेच, तरी जवळपास पाचपट. धंद्याची गाडी जास्त धावते, जास्त माणसं बसवते, जास्त दावे आणते, म्हणून हा फरक.

हा फरक पाहिला की वडाप का चालतं ते कळतं. पांढऱ्या पाटीवर कर भरायचा, 3416 चा विमा उतरवायचा आणि तालुक्याच्या स्टँडबाहेर 'चला, एक सीट, एक सीट' ओरडायचं. परवान्याविना भाडं मारल्याबद्दल पकडलं तर 192-अ कलमाखाली पहिल्याच गुन्ह्याला 10 हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाची भीती फारशी कुणाला नसते. भीती विम्याची वाटायला हवी.

खासगी पॉलिसीच्या कागदावर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर चालणार नाही, शर्यत चालणार नाही, आणि नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून मालाची वाहतूक चालणार नाही. पहिली अट सगळ्यांना ठाऊक असते. तिसरी कुणी वाचत नाही. आपलीच व्हॅन, आपल्याच शेतातले टोमॅटो, कुणाकडून एक पैसा घेतलेला नाही. तरी मागची सीट काढून क्रेट भरले की ती मालाची वाहतूक झाली. मोटार वाहन कायद्याची व्याख्याही तशीच आहे : मालासाठी न बनवलेली गाडी माल नेण्यासाठी वापरली जात असेल तर तेवढ्यापुरती ती मालवाहू. लग्नाचं सामान, प्रवासाच्या बॅगा, गावाहून आणलेलं धान्याचं एखादं पोतं यावर कुणी बोट ठेवणार नाही. रोज पहाटे मार्केट यार्डाच्या दारात उभी राहणारी व्हॅन मात्र खासगी म्हणून टिकवणं अवघड. त्यापेक्षा कार्गो व्हॅन घ्यावी, मालवाहू म्हणून नोंदवावी आणि तसाच विमा उतरवावा. एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत असेल तर तिला परवान्याची गरजही नसते, हे बऱ्याच दुकानदारांना माहीतच नाही. फिटनेस मात्र वेळच्या वेळी करून घ्यावं लागतं.

समजा भाडं घेऊन निघालेल्या खासगी व्हॅनला अपघात झाला. रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली असेल तर त्याला सहसा वाऱ्यावर सोडत नाहीत. भरपाई कंपनीने आधी द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयं अनेकदा देतात. म्हणजे विमा असूनही अखेर पैसे तुमच्याच घरातून जाणार. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीबाबत थोडी आशा असते. टॅक्सी म्हणून चालणारी, पण खासगी विमा असलेली गाडी पळवली गेल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दाव्याच्या 75 टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम ठेवला. पण तिथपर्यंत पोचायला ग्राहक मंचापासून दिल्लीपर्यंत जावं लागलं. त्या निकालाच्या भरवशावर ट्रिपा मारू नयेत.

इतकं सगळं कटाक्षाने पाळणारी, एका पैशाचं भाडं न घेणारी घरंही एका ठिकाणी अडकतात. गाडी जुनी झाली, आता नुसता थर्ड पार्टी पुरे, असं एजंट सांगतो आणि आपण मान डोलावतो. गाडीचा पत्रा सोडून दिला असं आपण समजतो. प्रत्यक्षात आतली माणसंही सोडून दिलेली असतात. कायद्याने सक्तीची तेवढीच पॉलिसी असेल, तर खासगी गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची जोखीम तिच्यात येत नाही. थर्ड पार्टी आणि गाडीचं नुकसान दोन्ही धरणाऱ्या पॅकेज पॉलिसीत येते. विमा नियामकाने 2009 साली परिपत्रक काढून कंपन्यांना हे बजावलं आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली नॅशनल इन्शुरन्सच्या प्रकरणात तोच फरक मांडला. स्विफ्टमध्ये चौघं-पाचजण बसतात. व्हॅनमध्ये आजी, काकू, भाची आणि शेजारची दोन पोरं बसतात. बारा वर्षांच्या ओम्नीची किंमत काय उरली हे पाहून विमा ठरवला की नेमका इथे फटका बसतो. माझं मत स्पष्ट आहे : व्हॅन कितीही जुनी असो, माणसं भरून जात असेल तर पॅकेज घ्या. जुन्या गाडीची विमाकिंमत कमी असते, त्यामुळे वरचा हप्ताही फार नसतो. काही कंपन्या फार जुन्या गाडीला पॅकेज द्यायला कुरकुर करतात, तेव्हा दुसरीकडे विचारावं.

चालवणारा मालक हा स्वतःच्या पॉलिसीत 'तिसरा' नसतो. त्याच्यासाठी 15 लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पण त्याला वैध लायसन्स लागतं. आरसी आजोबांच्या नावावर आणि गाडी चालवणारा नातू, अशी घरं पुष्कळ आहेत. हे संरक्षण नातवाला लागू होत नाही. त्याच्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढावी.

दाव्याविना गेलेल्या वर्षांची सूट पहिल्या वर्षाला 20 टक्के असते आणि चढत पाचव्या वर्षाला 50 वर जाते. ती फक्त गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते आणि मालकाची असते, गाडीची नव्हे. मुदत संपून 90 दिवस उलटले की ती जाते.

शेवटी विक्री, कारण व्हॅनचा जुना बाजार जोरात असतो. जुनी ओम्नी हातोहात जाते आणि घेणारा ती बहुतेक धंद्यालाच लावतो. पैसे घेतले, किल्ली दिली, 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या, 'बाकीचं तो करून घेईल' म्हणून आपण मोकळे होतो. त्याने नाव बदललंच नाही, तर आरटीओच्या दप्तरात मालक तुम्हीच राहता. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलेलं आहे. त्यामुळे राज्यातल्या राज्यात विकली तरी चौदा दिवसांच्या आत हस्तांतराची माहिती आरटीओला आपणच द्यावी, नाव बदललं की नाही ते ऑनलाइन पाहावं आणि सूट टिकवण्याचं पत्र विमा कंपनीकडून घ्यावं. घेणाऱ्यानेही चौदा दिवसांत कंपनीला कळवावं. थर्ड पार्टी गाडीबरोबर आपोआप जातो, गाडीच्या नुकसानीचा विमा जात नाही.

पुढच्या आठवड्यात अपघातानंतरच्या पहिल्या दिवसाकडे वळू : गाडी हलवायची की नाही, फोटो कशाचे काढायचे, आणि सर्व्हेअर येण्याआधी गॅरेजवाल्याला गाडी का उघडू द्यायची नाही. वाचण्याआधी आपली पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' हे पान तेवढं नजरेखालून घाला.