जुन्या कॅसेटमधील आवाज : अमानतही, रोजगारही

अर्नाळा, विरार, वसई या किनारपट्टीवर कॅसेटचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. पावसाळाभर कपाटात बंद राहिलेल्या फितीवर पांढरी बुरशी चढते, फीत चिकटते आणि एके दिवशी आवाज कायमचा जातो. १९८० व १९९० च्या दशकांत नात, कव्वाली, शास्त्रीय गायन, बयान, लग्नसमारंभ असे कितीतरी ध्वनिमुद्रण या फितींवर झाले. मरहूम वडीलधाऱ्यांचा आवाज अनेक घरांत अशा एकाच कॅसेटवर उरला आहे. हा ठेवा संगणकावर उतरवून देण्याचे काम टेप-रेडिओ दुरुस्तीचा हात असलेल्या कारागिरास सहज जमेल. मात्र त्यामागचे तंत्र आधी समजून घेतले पाहिजे.

एमपी-थ्री आणि फ्लॅक

आवाज संगणकात साठवताना त्याची मोजमापे घेतली जातात. सीडीच्या दर्जात ती सेकंदाला ४४,१०० असून प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे असते. डावी व उजवी बाजू मिळून मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. एमपी-थ्री पद्धतीत कानाला कमी जाणवणारा भाग काढून टाकतात. १२८ किलोबिटच्या फाइलला मिनिटाला जेमतेम १ मेगाबाइट पुरतो. पण काढलेला भाग पुन्हा मिळत नाही.

२००१ साली आलेली फ्लॅक ही पद्धत काहीच टाकून देत नाही. कापडाची घडी घातली तर जागा कमी लागते आणि उलगडल्यावर वार पूर्ण भरतो; कात्री लावली तर तुकडा गेला तो गेलाच. फ्लॅक म्हणजे घडी, एमपी-थ्री म्हणजे कात्री. फ्लॅकमध्ये फाइल साधारण निम्म्या जागेत बसते. ही पद्धत वापरण्यास कोणतेही शुल्क नाही.

एका तासाच्या ५०० कॅसेटी सीडीच्या दर्जात उतरवल्या तर सुमारे ३२० गिगाबाइट होतात. फ्लॅकमध्ये त्या ५०० गिगाबाइटच्या साध्या हार्डडिस्कवर आरामात मावतात. जागेसाठी कात्री लावण्याचे कारण आता उरलेले नाही. मोबाइलवर ऐकण्यासाठी एमपी-थ्री जरूर काढावी, पण ती फ्लॅकवरून. पहिली प्रत नेहमी फ्लॅकचीच असावी.

कामाची पद्धत

१. बुरशी दिसणारी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नये. ती हेड खराब करते आणि पुढच्या कॅसेटीही बिघडवते. तिच्यासाठी वेगळा डेक ठेवावा.

२. प्रत्येक कामाआधी हेड व रबरी रोलर साफ करावा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. आवाज दबलेला वाटल्यास हेडचा स्क्रू किंचित फिरवून तो खुला होतो का ते पाहावे.

३. कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून मगच वाजवावी.

४. डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये वायर द्यावी. स्पीकरसमोर माइक धरू नये. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम या कामास पुरेसा आहे.

५. पातळी लाल रेषेपर्यंत जाऊ देऊ नये. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

६. खरखर कमी करण्याचा प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावा. मूळ प्रत आहे तशीच ठेवावी.

७. फाइलला गायकाचे अथवा वक्त्याचे नाव, साल व ठिकाण द्यावे. दोन डिस्कवर दोन प्रती कराव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी.

मिरजेचा दाखला

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. मिरजेत त्यांची कबर आहे. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तरीही त्यांचे गाणे आज आपण ऐकू शकतो. कारण लोकांनी तबकड्या जपल्या आणि त्यांच्या प्रती काढल्या. मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था याच ध्यासातून उभी राहिली. मुंबईचा चोर बाजारही जुन्या तबकड्यांच्या शोधात येणाऱ्यांचे ठिकाण आहे. शौकीन गिऱ्हाईक आहे. त्याला हवा तो अस्सल माल.

व्यवहारातील सचोटी

एमपी-थ्रीची फ्लॅक करून विकणारेही भेटतात. अशा फाइलचा आकार वाढतो, आवाज वाढत नाही. आवाजाचा आलेख काढला की चोरी उघड होते. १२८ किलोबिटच्या फाइलमध्ये १६ हजार हर्ट्झच्या आसपास आलेख एकदम तुटलेला दिसतो. मापात मारणाऱ्यांचा कुरआनाने सूरह मुतफ्फिफीनमध्ये निषेध केला आहे. फाइलही मापूनच द्यायची वस्तू आहे.

कायद्याचेही भान हवे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. गीत व चाल यांचे हक्क वेगळे असतात. कंपनीच्या कॅसेटीच्या प्रती परवानगीशिवाय विकणे गुन्हा आहे. घरगुती ध्वनिमुद्रणांचे काम निर्धोक असून तेच पुष्कळ आहे.

गिऱ्हाइकाची कॅसेट ही आपल्याकडे आलेली अमानत आहे. काम झाल्यावर मूळ कॅसेट परत द्यावी, फाइल त्याच्याच हाती सोपवावी आणि परवानगीशिवाय आपल्याकडे प्रत ठेवू नये. पुढचा पावसाळा येण्याआधी ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी कपाट उघडावे, आणि ज्यांच्या हाती कला आहे त्यांनी हे काम सुरू करावे. इन्शाअल्लाह, रोजीतही बरकत होईल आणि मरहूम मंडळींचा आवाजही नातवंडांच्या कानी पडेल.