समुद्रात पार्किंग असलेलं गाव

जपान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बुलेट ट्रेन, रोबो आणि मेकॅनिकलवाल्यांच्या तोंडी सतत असलेलं 'कायझेन'! पण मित्रांनो, आज मी ज्या गावाबद्दल सांगणार आहे, तिथे साधं रेल्वे स्टेशनसुद्धा नाही. गावाचं नाव इने. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या!)

गेल्या वर्षी एका स्टुडंट प्रोग्रॅमसाठी दहा दिवस क्योतोला गेले होते. शेवटचे दोन दिवस मोकळे मिळाले. क्योतोहून उत्तरेकडे जाणारी ट्रेन पकडली, दोनेक तासांत आमानोहाशिदातेला उतरले आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने तासभर बस. एका बाजूला हिरवे डोंगर, दुसऱ्या बाजूला जपानचा समुद्र. अगदी कोकणातली एस.टी. वाटावी, फक्त खड्डे नाहीत!

इनेचं आखात छोटंसं आहे. त्याच्या सुमारे पाच किलोमीटरच्या किनाऱ्यावर साधारण 230 लाकडी घरं खांद्याला खांदा लावून पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी उभी आहेत. त्यांना म्हणतात 'फुनाया', म्हणजे होडीचं घर. तळमजल्याची फरशी उतरती असते आणि थेट समुद्रात शिरते. त्यावरून होडी आत ओढून घ्यायची. वरच्या मजल्यावर जाळी आणि मासेमारीचं सामान. लाकडी होडी सतत पाण्यात राहिली तर कुजते, म्हणून तिला कोरडं ठेवायची ही सोय. कुटुंबाचं राहतं घर मागे, रस्त्याच्या पलीकडे. पूर्वी दोन्ही घरांच्या मध्ये अंगण होतं. 1930 च्या दशकात त्या अंगणांतून गावाचा रस्ता निघाला.

आता सिव्हिलवाल्यांना माझा प्रश्न. भरती आली की ही घरं बुडत कशी नाहीत? मुंबईला उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरतीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. आपल्याकडे फुनाया बांधली, तर दुपारी होडी चिखलात आणि रात्री गादी पाण्यात! इनेला मात्र हा फरक साधारण अर्धा मीटर असतो. म्हणजे तुमच्या टेबलाच्या उंचीपेक्षाही कमी.

याचं कारण जपानच्या समुद्राच्या नकाशात आहे. हा समुद्र 3,700 मीटरपेक्षाही खोल आहे, पण चारी बाजूंनी जवळजवळ बंद. बाहेरच्या महासागराशी त्याचा संबंध फक्त काही अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांमधून येतो. आपल्या हॉस्टेलची गच्चीवरची टाकी आठवा. टाकी प्रचंड, पण पाईप अर्ध्या इंचाचा. तास-दोन तास पाणी सोडलं तरी पातळी जेमतेम हलते (आणि तिसऱ्या मजल्यावरचे बादली घेऊन खाली धावतात). तसंच इथे. महासागरात भरती सुरू झाली की पाणी आत शिरू लागतं, पण सहा-सव्वासहा तासांत ओहोटी सुरू होते आणि तेच पाणी परत फिरतं. एवढा मोठा समुद्र भरायला वेळच मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी एका ओळीत: हा निसर्गाने बनवलेला आर-सी लो-पास फिल्टर आहे!

राहिला लाटांचा प्रश्न. हिवाळ्यात या समुद्रावर वायव्येचे जोरदार वारे सुटतात. पण इनेचं आखात दक्षिणेला उघडतं, तिन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि तोंडावर आओशिमा नावाचं बेट पहारेकऱ्यासारखं उभं आहे. त्यामुळे आत पाणी शांत.

म्हणजे सगळं फुलप्रूफ? मुळीच नाही. हे गाव ज्या तांगो द्वीपकल्पावर आहे, तिथे 1927 साली मोठा भूकंप होऊन सुमारे तीन हजार माणसं गेली. याच समुद्राच्या किनाऱ्यावर पुढे ईशान्येला नोतो द्वीपकल्प आहे. तिथे 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात काही ठिकाणी किनारा सुमारे चार मीटर वर उचलला गेला आणि बंदरं कोरडी पडली. समुद्राची पातळी वाढली तरी धोका आहेच. ज्या गावाचं सगळं गणित अर्ध्या मीटरवर बेतलेलं आहे, तिथे प्रत्येक सेंटिमीटरला किंमत असते.

पण मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. 2005 साली सरकारने या वस्तीला संरक्षित वारशाचा दर्जा दिला, पण 2020 च्या जनगणनेत अख्ख्या इने नगराची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत होती. आताच्या फायबरच्या बोटी मोठ्या, फुनायात मावत नाहीत, म्हणून त्या बाहेरच बांधलेल्या दिसतात. कित्येक फुनायांमध्ये आता पाहुण्यांच्या खोल्या आहेत. मी उतरले होते तिथल्या आजी सकाळी दारातल्या पाण्यात बुडवलेला पिंजरा दोरीने वर ओढत होत्या. आत चार-पाच मासे. फोनवरच्या ट्रान्सलेटरने मी विचारलं, "मुलं कुठे असतात?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ओसाका." कोकणातल्या कुठल्याही आजींना विचारा, फक्त शहराचं नाव बदलेल.

मला वाटतं, लाकूड कुजू नये म्हणून काय करायचं हे आपण इंजिनिअर शिकतो. माणसं गावात टिकावीत म्हणून काय करायचं, याचा पेपर कुठल्याच सेमिस्टरला नसतो. इनेत निदान प्रयत्न चालू आहे. पाहुण्यांच्या पैशातून छप्पर दुरुस्त होतं, आणि छप्पर टिकलं तर एखादा मुलगा परत येईलही.

तुम्ही कधी गेलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. आखातात फेरी मारणारी छोटी बोट आहे, ती चुकवू नका. फुनायांचं खरं तोंड समुद्राकडेच आहे. आणि उघडं दार दिसलं म्हणून फोटोसाठी आत शिरू नका. ते म्युझियम नाही, कुणाचं तरी घर आहे.