कॉम्प्रेसर छोटा, तर गन कोणती?

पोळा जवळ आला की आपल्या वर्धा जिल्ह्यात लाकडी नंदींना रंग चढू लागतो. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर मोठमोठ्या नंदींसाठी ओळखला जातो. नंदीच्या वशिंडावर, शिंगांच्या बाकावर ब्रशचे ओरखडे न दिसता रंग बसावा, म्हणून अनेकांना स्प्रे गन घ्यावीशी वाटते. मी रंगकाम करतो, त्यामुळे या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो : घरी एक हॉर्सपॉवरचा छोटा कॉम्प्रेसर आहे, त्याला कोणती गन चालेल?

बहुतेक जण कॉम्प्रेसरचा दाब बघतात. मीटरवर ८ किलो दिसले की काम झाले, असे त्यांना वाटते. पण गनला दाब लागतो थोडा. हवा मात्र भरपूर लागते. विहिरीचे उदाहरण घ्या. टाकीतली हवा म्हणजे विहिरीत साठलेले पाणी, कॉम्प्रेसर म्हणजे झरा आणि गन म्हणजे मोटारपंप. झऱ्यापेक्षा पंप मोठा बसवला, तर विहीर कितीही भरलेली असो, थोड्या वेळात तळ दिसणारच.

आता हिशेब करू. हवा मिनिटाला किती घनफूट, अशी मोजतात. दुकानदार त्यालाच सीएफएम म्हणतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात मिनिटाला साधारण ३ घनफूट हवा देतो. मोठी, ‘एचव्हीएलपी’ म्हणून विकली जाणारी गन ८ घनफूट किंवा त्याहून जास्त मागते. म्हणजे दर मिनिटाला ५ घनफुटांची, सुमारे १४० लिटरची तूट. टाकी २४ लिटरची असेल, तर दाब ८ किलोवरून ३ किलोवर येईपर्यंत तिच्यातून १२० लिटर हवा मिळते. म्हणजे मिनिट पुरे व्हायच्या आतच गन धापा टाकू लागते. रंगाचा बारीक फवारा न होता थेंब पडतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो.

कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा आकडाही नीट वाचावा. पुष्कळदा तो पिस्टन किती हवा ओढतो याचा असतो. टाकीत पोचणारी हवा त्याहून बरीच कमी असते. खरा आकडा घरीच काढता येतो. हवा कुठूनही बाहेर जाऊ न देता कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि दाब ४ किलोवरून ६ किलोवर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. २४ लिटरच्या टाकीत २ किलो दाब वाढला म्हणजे ४८ लिटर हवा भरली. त्याला ३५ सेकंद लागले, तर मिनिटाला सुमारे ८२ लिटर, म्हणजे जवळपास ३ घनफूट. हा आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या आणि मगच दुकानात जा.

अशा कॉम्प्रेसरला वर कप असलेली छोटी गन घ्यावी. कप १०० ते २०० मिलिलिटरचा, नोझल ०.८ ते १ मिलिमीटरचे आणि हवेची मागणी २ ते ४ घनफूट. मागणी पुरवठ्यापेक्षा किंचित जास्त असली तरी चालते, कारण आपण ट्रिगर सतत दाबून धरत नाही. दाब मात्र ट्रिगर दाबलेला असतानाच बघावा. सोडल्यावर मीटर जास्तच दाखवतो. इनॅमल रंग बारीक नोझलमधून जाईल इतका पातळ करून गाळून घ्यावा. गन १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर ठेवावी आणि हात सरळ, एका वेगाने न्यावा. नंदी, खुर्ची, सायकलची फ्रेम यांना ही गन पुरते. फाटक किंवा भिंत रंगवायची असेल, तर ब्रश आणि रोलरच बरे.

पोळ्याचे दिवस पावसाळी. दमट हवा दाबली की टाकीत पाणी साचते आणि ते फवाऱ्यातून रंगावर उतरून बारीक खड्डे पाडते. म्हणून कामाआधी दाब सोडून टाकीखालची चावी उघडावी, पाणी काढावे आणि गनच्या अलीकडे पाणी अडवणारा फिल्टर बसवावा. आपल्या उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. कडक उन्हात रंग नंदीवर पोचण्याआधीच वाळतो आणि भुकटीसारखा बसतो. तेव्हा सकाळची वेळ गाठावी.

शेवटी जिवाचे. फवाऱ्याचा धूर फुप्फुसात जातो. तोंडाला बांधलेला रुमाल थिनरची वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बनचा फिल्टर असलेला मास्क हवा. रंगकाम उघड्यावर करावे, जवळ चूल किंवा विडी नसावी आणि ठिणगी पडू शकणारा कॉम्प्रेसर लांब पाइप लावून दूर ठेवावा. पाइप वाढला की दाब थोडा उतरतो, तेवढा वाढवून घ्यावा. लेकरे नंदीला कवटाळतात, रंगाचे हात तोंडात घालतात. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डबा घेताना त्यावर तसे लिहिले आहे ना, ते बघा. माळ्यावरचा जुना, उरलेला रंग मात्र नंदीला लावू नका.